छंदाचा कॅमेरा, गावाच्या कामी : प्रस्तावना

खरिपाची पिके गुडघ्याला लागली की धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी मोबाइल घेऊन बांधावर उभा राहतो. सोयाबीन, तूर, उडीद जे काही पेरले असेल त्याची ई-पीक पाहणीत नोंद त्यालाच करायची असते आणि नोंदीसोबत उभ्या पिकाचा फोटो जोडावा लागतो. महाराष्ट्रात ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. ज्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या लेखणीने पीक चढत आले, तिथे आता शेतकऱ्याने स्वतः काढलेला फोटो कामाला येतो. कोणाचा हात हलतो, कोणी उन्हाकडे तोंड करून कॅमेरा धरतो. अशा वेळी गावातले एखादे फोटोचा नाद असलेले पोर हाकेला धावते, ऊन पाठीमागे घ्यायला सांगते आणि दोन मिनिटांत काम उरकते.

त्या दोन मिनिटांच्या मदतीत जे आहे, तोच या पुस्तकाचा विषय आहे. पोटापाण्यासाठी नाही, तर आवडीपोटी फोटो काढणाऱ्या माणसाचे कसब शेजाऱ्याच्या, वस्तीच्या, तालुक्याच्या उपयोगी कसे पडते, याचा हा धांडोळा आहे. हौशी छायाचित्रकार धाराशिवमध्ये काही थोडेथोडके नाहीत. शाळेतले गुरुजी, बँकेतले कारकून, आशाताई, महाविद्यालयातली मुले, निवृत्त झालेले एसटीचे वाहक अशी कितीतरी माणसे सुटीच्या दिवशी नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबा टिपायला जातात, पावसाळ्यात येडशीच्या रामलिंग घाटात हिरवाई शोधतात, तुळजापूरच्या नवरात्रात गर्दीचे रंग पकडतात. फोटो चांगले येतात. चार लोक वाहवा करतात. मग नवे फोटो येतात आणि जुने फोनच्या पोटात गडप होतात.

या पुस्तकाचे म्हणणे असे की फोटोची उपयुक्तता कळ दाबल्यानंतर ठरते. फोटोसोबत नाव, गाव आणि तारीख लिहिली का, ज्याचा फोटो काढला त्याला विचारले का, आणि ज्याला त्या फोटोची गरज आहे त्याच्या हातात तो पोचला का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर छंदाचे सामाजिक मोल अवलंबून असते. महागडे भिंग असले तर चांगलेच, पण त्यावाचून यातले काहीही अडत नाही.

छंद म्हणून फोटो काढणे आणि तो लोकांच्या कामी आणणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आल्या. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः डॉक्टर. पण कॅमेऱ्याच्या वेडामुळे या सोसायटीच्या पहिल्या भारतीय सभासदांत त्यांचे नाव घेतले जाते. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ काढला. त्याच्या नावातच हौशी माणूस आहे. काचेच्या जड तबकड्या, ओली रसायने, फोटोसाठी मिनिटभर स्तब्ध बसावे लागणारी माणसे, असा तो काळ होता. तरीही इमारती, माणसे, जाती-व्यवसाय यांची चित्रमय नोंद करण्याची ओढ या मंडळींत होती. त्या नोंदीत कुतूहल होते, तसाच साहेबी नजरेचा वरचढपणाही होता.

या वारशाची दुसरी, काळी बाजू दुष्काळाच्या फोटोंत दिसते. धाराशिवच्या वाचकाला ती टाळून पुढे जाता येणार नाही.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. मद्रासच्या फौजेतला अधिकारी विलोबी वॉलेस हूपर हा हौशी छायाचित्रकार. त्याने भुकेने हाडांचा सापळा झालेल्या माणसांना ओळीने बसवून त्यांचे फोटो काढले. ते विलायतेत पोचले आणि दुष्काळाची दाहकता तिथल्या लोकांना कळली, हे खरे. पण फोटोतली माणसे निनावी राहिली आणि कॅमेऱ्यापुढे मांडणी करायला वेळ असलेल्या माणसाने त्यांच्यासाठी दुसरे काय केले, हा प्रश्न हूपरला चिकटला तो कायमचा. १८८६ मध्ये ब्रह्मदेशात गोळ्या घालून देहदंड देण्याच्या नेमक्या क्षणाचा फोटो मिळवण्याच्या प्रकारावरून त्याची चौकशीही झाली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने निजाम राज्यातली मदतकामे टिपली. त्या वेळी धाराशिव निजामाच्याच राज्यात होते. ते फोटो दरबाराच्या कामगिरीचे. त्यांत कामावरची गर्दी आहे, पण गर्दीतल्या माणसाचे गाऱ्हाणे नाही.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी बंगालमध्ये पुन्हा एक हौशी माणूस दुष्काळासमोर उभा राहिला. सुनील जाना तेव्हा विद्यार्थी होते, कॅमेरा हा त्यांचा नाद होता. १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते पूरनचंद जोशी यांनी त्यांना आपल्यासोबत बंगाल आणि ओरिसाच्या दौऱ्यावर नेले. जाना यांचे फोटो पक्षाच्या पत्रातून छापून आले. सरकार झाकू पाहत असलेली उपासमार देशभर दिसली. हूपर आणि जाना दोघेही छंदापोटीच कॅमेऱ्याकडे आलेले, दोघांसमोर भुकेली माणसे. फरक होता तो फोटो कोणाच्या बाजूने काढला आणि काढल्यावर कुठे नेला यात.

परदेशात या वाटेवर जेकब रिस हे नाव पहिले येते. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत पोलीस बातम्या गोळा करणाऱ्या या वार्ताहराने गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या लोकांना दिसाव्यात म्हणून प्रकाशाची भुकटी पेटवून फोटो काढायचे शिकून घेतले. त्याचे पुस्तक १८९० मध्ये आले. लुईस हाइन हा शिक्षक. १९०८ पासून त्याने अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोमागे मुलाचे वय, काम, ठिकाण टिपून ठेवले. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात ती टिपणे फोटोइतकीच वजनदार ठरली.

आपल्याकडे विसाव्या शतकात छंदाला संघटित रूप आले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ मध्ये निघाली, १९५३ मध्ये देशभरच्या संस्थांचा महासंघ झाला. या मंडळांनी पिढ्या घडवल्या. डार्करूममध्ये प्रिंट धुण्याची शिस्त, प्रकाशाची जाण, चौकटीचे भान त्यांनीच दिले. त्यांचा भर मात्र प्रदर्शन आणि स्पर्धेवर राहिला. सुरकुतलेला चेहरा, डोक्यावरची घागर, धुळीतली मेंढरे यांची सुंदर चित्रे भिंतीवर लागली, बक्षिसेही मिळाली. घागर वाहणाऱ्या बाईला किती कोस चालावे लागते हे त्या भिंतीवर कुठे लिहिलेले नसे. हाच विषय पी. साईनाथ यांनी वेगळ्या रीतीने मांडला. ग्रामीण बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवरचे त्यांचे फोटोप्रदर्शन गावोगाव फिरले आणि ज्यांच्या कष्टांचे ते फोटो होते त्यांनीही ते पाहिले. २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे जमवण्याचा एक प्रकल्प आहे. त्यात नावाजलेल्यांबरोबर नवख्यांच्या फोटोंनाही जागा मिळते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्याने समाजापुढे ठेवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे दोघे पत्रकारितेतले, पण हौशी माणसाने त्यांच्याकडून घ्यावे असे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट म्हणजे एकाच विषयाला वर्षानुवर्षे चिकटून राहणे.

आज या क्षेत्राकडे पाहिले तर पाच वाटा ठळक दिसतात. पहिली पुराव्याची, दुसरी वारशाची, तिसरी निसर्गनोंदींची. चौथ्या वाटेवर कॅमेरा लोकांच्याच हाती दिला जातो आणि पाचवीवर फोटो माणसाला भेट म्हणून परत जातो. याशिवाय फोटो विकून निधी उभारण्याचीही रीत आहे. ती सोपी आणि चांगली, पण तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. धाराशिवच्या मातीत पाचही वाटांना भरपूर काम आहे.

पुराव्याची वाट सुरुवातीला आलीच. तिची निकड २०२५ च्या सप्टेंबरात साऱ्या जिल्ह्याने अनुभवली. वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहणाऱ्या परंडा-भूम भागात अतिवृष्टीने नद्या शेतांत आणि घरांत शिरल्या, माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली, कित्येकांची जमीन खरवडून गेली. पाणी ओसरले की गाळ, वाकलेली पिके, वाहून गेलेला बांध हे सारे चार दिवसांत बदलू लागते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेतकऱ्याने सगळे जसेच्या तसे ठेवायचे म्हटले तर रब्बीची तयारी करायची कधी? अशा वेळी नीट काढलेले फोटो मोलाचे. पुस्तकात यासाठी दिलेली पद्धत साधी आहे. आधी दुरून एक फोटो, ज्यात ओळखीची खूण दिसेल: विहीर, डीपी, रस्त्याचे वळण. मग मधल्या अंतरावरून शेताचा. मग जवळून पिकाचा किंवा मेलेल्या जनावराचा, जनावराच्या कानातला बिल्ला वाचता येईल असा. कागदावर गट क्रमांक, गाव, तारीख लिहून तो कागद एका फोटोत यावा. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्यावा, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची आतली माहिती गळून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. गावातल्या एकाला हे येत असले तर शंभर घरांची सोय होते.

याच वाटेची एक शांत, दमाची शाखा आहे. एकाच जागी उभे राहून दरवर्षी तोच फोटो काढायचा. १८८८ मध्ये सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने आल्प्सच्या हिमनद्यांसाठी ही पद्धत वापरली, तेव्हापासून ती शास्त्रज्ञांच्या हाताशी आहे. बालाघाटच्या रांगांवर वसलेल्या या जिल्ह्याचे थोडे पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीकडे जाते, थोडे सीना-बोरीतून भीमेकडे. जलयुक्त शिवारची कामे झाली, २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावांनी श्रमदान केले. त्या वेळचे उत्साहाचे फोटो उदंड आहेत. पण त्याच नाल्याचा, त्याच विहिरीचा, त्याच दगडावर उभे राहून दर मे महिन्यात काढलेला फोटो असेल, तर गावाला ग्रामसभेत नेमके बोलता येते: गाळ किती साचला, बांध कुठे फुटला, पाणी किती दिवस टिकले.

वारशाच्या वाटेवर धाराशिव भाग्यवान आहे. शहराजवळची धाराशिव लेणी जेम्स बर्जेसने १८७८ मध्ये छापून आलेल्या अहवालात रेखाटनांसह नोंदवली. नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा भुईकोट, तेरचे त्रिविक्रम मंदिर हे तर सर्वांना माहीत. पण वेशीजवळचे वीरगळ, शेतातली बारव, पडायला आलेली गढी, रंगाखाली बुजत चाललेला शिलालेख यांची दखल कोण घेणार? तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांत पावसाने उघड्या पडणाऱ्या मूर्ती, मणी, नाणी, खापरे वेचून जपली. त्यांच्या छंदातून उभा राहिलेला संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. त्यांनी त्या वस्तू आपल्या घराची शोभा म्हणून ठेवल्या असत्या, तर सातवाहनकाळच्या या व्यापारी नगराची आपली ओळख कितीतरी तुटपुंजी राहिली असती. हौशी छायाचित्रकाराला याहून जवळचा आदर्श कुठे मिळणार? वस्तू कुठे सापडली हे माहीत नसेल तर पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने तिची किंमत उतरते, फोटोचेही तेच. म्हणून वीरगळाचा फोटो सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात काढावा म्हणजे झिजलेले कोरीवकाम उठून दिसते, मापासाठी शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि गाव, शिवार, तारीख लिहावी. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या उपक्रमात जगभरचे हौशी लोक असे फोटो मुक्त वापरासाठी देतात. नळदुर्गवर धडा शिकवणाऱ्या शिक्षकाला मग कोणाची परवानगी मागत बसावे लागत नाही. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, जुने कागद आणि फोटो उस्मानाबाद या नावाने आहेत. तेव्हा नोंदीत दोन्ही नावे असली तर शोधणाऱ्याला दोन्ही काळ सापडतात.

निसर्गाच्या वाटेवर अलीकडची एक घटना पुरेशी बोलकी आहे. येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चे, क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर. २०२४ च्या अखेरीस तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क वाघ आला. पट्ट्यांची रचना जुन्या फोटोंशी ताडून पाहिली तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून आल्याचे कळले. आधीचे फोटो नीट जपलेले नसते, तर तो वाघ कुठला हे कधीच समजले नसते. वाघ रोज येत नाही. माळरानावरचा लांडगा, काळवीट, धाविक, फुलपाखरे मात्र नेहमीची. डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या भारतीय फुलपाखरांच्या संकेतस्थळावर, आयनॅचरलिस्टवर, ई-बर्डवर हौशी लोकांचे फोटो तारीख-ठिकाणासह जमा होतात आणि अभ्यासकांच्या कामी येतात. इथे पथ्य एकच आणि कडक: घरट्याजवळ जायचे नाही आणि दुर्मीळ जनावराचा नेमका ठावठिकाणा जगजाहीर करायचा नाही.

चौथी वाट समजून घ्यायला चीनच्या युन्नान प्रांतात जावे लागते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायकांना कॅमेरे दिले आणि आपले रोजचे जगणे टिपायला सांगितले. मग त्या फोटोंभोवती बसून चर्चा झाली, ती अधिकाऱ्यांपर्यंत गेली. आईबाप शेतात असताना लेकरांना कोण सांभाळते, बाळंतपणाला कोण येते, हे प्रश्न फोटोंतून पुढे आले. फोटोव्हॉइस म्हणून ही रीत जगभर गेली. पण उदाहरणासाठी एवढे लांब जायलाच हवे असे नाही. उमरग्यावरून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर जहीराबाद लागते. त्याजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, व्हिडिओ कॅमेरा हाती घेऊन आपल्या बियाण्यांची, ज्वारी-बाजरीची, शेतीची कहाणी स्वतः चित्रित केली. धाराशिवमध्ये बचत गटांचे जाळे आहे, भूमकडच्या खव्याच्या भट्ट्यांवर आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या गोठ्यांत राबणाऱ्या बायका आहेत, दिवाळीनंतर फडावर जाणारी ऊसतोड कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे फोन आहे. हौशी छायाचित्रकाराने तिथे फोटो काढायला जाण्याऐवजी शिकवायला जावे, असे पुस्तक आग्रहाने सांगते.

पाचवी वाट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: फोटो माणसाच्या हाती देणे. निराधार योजनेचा अर्ज भरायला निघालेल्या म्हातारीला पासपोर्ट आकाराचा फोटो हवा असतो आणि त्यासाठी तालुक्याला जाण्यात तिचा दिवस मोडतो. तिच्याच ओसरीवर, दारातून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून तिला बसवले, मागे पांढरे धोतर बांधले, पदर कपाळावरून थोडा मागे घ्यायला सांगितला की काम होते. त्यासोबत एक मोठा, हसरा फोटोही छापून द्यावा. खेड्यात कितीतरी माणसांचा पहिला मोठा फोटो हार घालण्यासाठीच तयार होतो, तोही आधार कार्डावरून वाढवलेला. जिवंतपणी, मुला-नातवंडांसोबत, आपल्या बैलाशेजारी काढलेला एक फोटो घरात असणे ही छोटी गोष्ट नाही.

ती किती मोठी असते हे ३० सप्टेंबर १९९३ नंतर या भागाला कळले. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगाला माहीत झाले; आपल्या बाजूला सास्तूर आणि आसपासच्या गावांनी तोच घाव सोसला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसांबरोबर त्यांचे फोटोही गाडले गेले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांकडे आईचा, भावाचा चेहरा दाखवणारे काही उरले नाही. नव्या गावांत वाढलेल्या पिढीने जुन्या गल्ल्या, चावडी, पिंपळाचा पार पाहिलेलाच नाही.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातून लाखो कौटुंबिक फोटो वेचले, धुतले, वाळवले आणि ओळख पटवण्यासाठी मांडले. अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी खराब झालेले फोटो संगणकावर दुरुस्त करून फुकट परत दिले. आपल्याकडे असे काम अजूनही करता येण्याजोगे आहे, कारण भूकंपाआधीचे फोटो पुण्या-मुंबईला गेलेल्या नातेवाइकांकडे, लग्नाच्या आल्बममध्ये, शाळेच्या गटफोटोत विखुरलेले आहेत. त्यांची प्रत काढणे अवघड नाही. फोटो खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा, फोन अगदी समांतर धरावा. आल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. मागची बाजू दिसत असेल तर तिचाही फोटो घ्यावा. तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाचे तरी अक्षर असते. आणि घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी बसवून डावीकडून उजवीकडे नावे विचारत लिहीत जावे. मूळ फोटो त्याच बैठकीत परत द्यावा. या कामाला काळाची मर्यादा आहे: भूकंपाच्या वेळी चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. नावे सांगणारे जाण्याआधी हे व्हायला हवे.

मदतीच्या भावनेने काढलेला फोटोही माणसाला दुखावू शकतो, हे लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगप्रसिद्ध झाला. तो छापून येताच त्या छावणीत सरकारी धान्य पोचले, पण ती बाई तोवर पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ मध्ये. त्या फोटोने आपल्याला काही दिले नाही, ही खंत तिने बोलून दाखवली. मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी, नवऱ्याचा फोटो छातीशी धरून बसलेली बायको असे चित्र इतक्यांदा काढले गेले की त्या घरांना कॅमेऱ्याचीच धास्ती वाटावी. तिथे जाणाऱ्याने फोटो का हवा, कुठे लागणार, कोण पाहणार हे तिच्याच भाषेत सांगावे आणि नाही म्हणण्याची मोकळीक खरोखर द्यावी. लहान मुलांबाबत तर कायदाच स्पष्ट आहे: बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ आणि पॉक्सो कायदा २०१२ चे कलम २३ या कायद्यांखाली येणाऱ्या प्रकरणांतल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात. मदतीचे पाकीट घेताना खाली मान घातलेल्या माणसाचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नये, यासाठी मात्र कलमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे सगळे आत्ताच सांगण्याला कारण आहे. कॅमेरा प्रत्येक खिशात आला, त्याच वेळी संगणकाने रचलेली खोटी चित्रेही खऱ्यासारखी दिसू लागली. पुराचा फोटो कुठल्या गावचा, कुठल्या वर्षीचा, असा संशय आता सर्वांत आधी येतो. अशा दिवसांत ओळखीच्या माणसाने काढलेला, गाव-तारीख लिहिलेला, मूळ प्रत जपलेला फोटो विश्वासाचा ठरतो. ती विश्वासार्हता दूरच्या कुठल्या कंपनीला देता येत नाही. गावातल्या हौशी माणसाला देता येते, कारण त्याला विचारायला लोक त्याच्या दारात जाऊ शकतात.

हे पुस्तक कॅमेऱ्याचे तंत्र शिकवणारे नाही. शटर-ॲपर्चरची चर्चा त्यात कामापुरतीच आहे. ज्यांना व्यवसाय करायचा आहे त्यांच्यासाठी दुसरी पुस्तके आहेत. इथे भर आहे तो काम निवडण्यावर, ते तडीस नेण्यावर आणि फोटो योग्य हाती सोपवण्यावर. उदाहरणे शक्य तितकी याच जिल्ह्याच्या आठ तालुक्यांच्या गरजांमधून घेतली आहेत, पण जालना, बीड, बिदर किंवा सोलापूरच्या वाचकाला ती परकी वाटू नयेत. पाचही वाटांवर एकाच माणसाने चालावे अशी अपेक्षा नाही. ज्याला पक्ष्यांचा नाद आहे त्याने माळरानच धरावे, ज्याला माणसांत रमायला आवडते त्याने ओसरीवरचे फोटो काढावेत. शेवटी जोडलेले कोरे नोंदतक्ते, परवानगीचा मराठी मजकूर आणि फोटोला नाव देण्याची पद्धत वाचकाने फाडून, झेरॉक्स करून वापरावी, यासाठीच दिली आहे. शाळांनी, वाचनालयांनी, बचत गटांनी त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करावेत आणि केलेले बदल कळवावेत. पुढच्या आवृत्तीत ते घेता येतील.